हडर्सफील्डचा भागाकार

२९ डिसेंबर १९५७, रविवार. सकाळ.
बदली. किनवट.
हुकूम काल आला. किनवटचं जुनं दफ्तर उर्दूत आहे, ते वाचणारा कारकून हवा, आणि आमच्या जिंतूर तहसील कचेरीत माझ्याइतकी उर्दू कुणाला येत नाही. गुणी माणसाचं असंच होतं. किनवट म्हणजे जंगल, वाघ आणि हिवताप. वाघाचं एक वेळ चालेल.
पार्वतीला सांगितलं. भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, तुमी जा, मी चारठाण्याला भावाकडं जाते, मला हिवतापानं मरायचं न्हाई. मी म्हटलं, नवऱ्याला एकट्याला धाडतेस? म्हणाली, मंग काय वाघाला सोबत देऊ?
लग्नाला बरीच वर्षं झाली. मला अजून चहा करता येत नाही. तिच्याशिवाय एका खोलीत राहतोय अशी कल्पना करून पाहिली. पुढे जाईना.
निश्चय : बदली रद्द करवणे.

त्याच दिवशी. संध्याकाळ.
मार्ग सापडला. नवे तहसीलदार साहेब साताऱ्याकडचे. फुटबॉलचे लय शौकीन. त्यांनी तालुक्याची स्पर्धा जाहीर केली आहे. चार टीम, प्रत्येकीची प्रत्येकीशी एक मॅच : येलदरीचा धरण कॅम्प, पोलीस लाईन, हायस्कूलचे मास्तर आणि आपली कचेरी. कचेरीला कॅप्टन मिळेना. कप मिळवून देणाऱ्या माणसाला कोणता साहेब किनवटला पाठवेल?
फुटबॉल मला येतो. हैदराबादला शिकताना मी कायम टीमबरोबर असायचो. सगळ्यांचे बूट माझ्याच ताब्यात असत.

३० डिसेंबर, सोमवार.
साहेबांना भेटलो. हैदराबादचं सांगितलं. बुटांचं नाही सांगितलं. साहेब खूश. कॅप्टन केलं, समितीवरही घेतलं. बदलीच्या हुकमावर शेरा मारला की व्यंकटरावांना स्पर्धा संपल्यावर मोकळं करावं.
इशारा स्पष्ट आहे. आधी जिंका, मग हुकूम फाडू. सरकारी माणूस, असं उघड थोडंच लिहिणार.

१ जानेवारी १९५८, बुधवार.
माळ्यावरून विलायती खेळांच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढला. हैदराबादच्या जुन्या बाजारात घेतला होता. उंदरांनी बराच वाचलाय, पण १९२४ सालचं पान शाबूत आहे. माझं सगळं ज्ञान या पानावर आहे.
इंग्लंडची पहिल्या नंबरची लीग. शेवटचा दिवस. कार्डिफ एका पॉइंटाने पुढे, हडर्सफील्ड मागे. कार्डिफ गेलं बर्मिंगहॅमला. तिथे पेनल्टी मिळाली, ती चुकली, मॅच शून्य-शून्य. तिकडे हडर्सफील्डने नॉटिंगहॅम फॉरेस्टला तीन गोल घातले. दोघांचे पॉइंट सारखे. मग काढला भागाकार : केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. हडर्सफील्ड साठ भागिले तेहतीस. कार्डिफ एकसष्ट भागिले चौतीस. कार्डिफने गोल एक जास्त केला, पण खाल्लाही एक जास्त. अडीच शतांशाचाही फरक नाही, आणि लीग हडर्सफील्डची.
बोध : गोल काय, कुणीही करतं. खाऊ नये. याला मी हडर्सफील्ड पद्धत म्हणतो.
समितीत नियम घालून घेतला की पॉइंट सारखे झाले तर भागाकार. मुंजाजी मास्तर सेक्रेटरी आहेत, हायस्कुलात गणित शिकवतात. ते काहीतरी विचारत होते, एखाद्या टीमने एकही गोल खाल्ला नाही तर कशाने भागायचं म्हणून. मी म्हटलं, मास्तर, हे विलायतेत चालतं. गप्प बसले. विलायत म्हटलं की बसतात.
निश्चय : रोज पहाटे माळाला तीन फेऱ्या. सकाळी कच्चं दूध. दुपारची झोप बंद.

३ जानेवारी, शुक्रवार.
थंडी फार. फेऱ्या सोमवारपासून. दुधाने पोट बिघडलं. दुपारी झोपलो, पण डावपेचांचा विचार करत झोपलो.
संध्याकाळी प्रॅक्टिस. हेडक्लार्क माणिकराव बॅकला उभे. बॉल आला की बाजूला होऊन वाट देतात. कुणाचा अर्ज असता तर पावसाळ्यापर्यंत अडवला असता. गोलकीपर भुजंग चपराशी, बॉल जवळ आला की डोळे मिटतो. सगळी भिस्त माझ्यावर. मला धाप लागल्यामुळे आज फक्त सूचना दिल्या.

५ जानेवारी, रविवार.
नशीब म्हणतात ते हेच. कचेरीमागच्या माळावर आपण खेळतो, तिथे धनगरांची मेंढरं चरतात. बॉल कळपात गेला. बिरू धनगराने तो कोकरू धरावं तसा अलगद धरला. त्याचा भाऊ मल्हारी, त्याने अनवाणी पायाने परत मारला. कचेरीच्या छपरावरून पलीकडे. दोघांना जागच्या जागी टीममध्ये घेतलं. बिरू गोलकीपर, मल्हारी फॉरवर्ड.
मुंजाजी मास्तरांनी नियम दाखवला : खेळाडूचा कचेरीशी संबंध हवा. मी म्हटलं, दोघांवर चराईचा खटला कचेरीत चालू आहे. इतका जवळचा संबंध माणिकरावांचाही नाही.
बिरूने एक अट घातली. स्पर्धा होईस्तोवर कळप माळावर बसू द्यायचा. दिली परवानगी. आणखी म्हणाला, कुनाच्या रानात मेंढरं बसवायचा सबूद दिला की आमाला दिवस मावळायच्या आत जावं लागतंय बघा. शेतकरी खतासाठी कळप रात्रभर रानात बसवून घेतात, बदल्यात ज्वारी देतात, ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, बघू. असल्या बारीकसारीक गोष्टी कॅप्टनने मनावर घ्यायच्या नसतात.

१२ जानेवारी, रविवार.
कचेरी २, पोलीस ०.
आठवडाभर मेंढरं बसल्यामुळे माळावर लेंड्यांचा थर. पोलीस बूट घालून आलेले, पळायला लागले की आडवे. बिरू-मल्हारी अनवाणी, त्यांना सवय. दोन्ही गोल मल्हारीचे. जमादाराने मैदानाबद्दल तक्रार केली. मी म्हटलं, मैदान नैसर्गिक आहे.
हे सगळं मी आधीच ओळखलं होतं, असं साहेबांना सांगितलं. मॅच सुरू झाल्यावर मला खरंच तसं वाटायला लागलं होतं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
पार्वतीने तिळगूळ दिला. म्हणाली, चारठाण्याला सांगावा धाडलाय, म्हयन्याच्या शेवटाला भाऊ बैलगाडी घेऊन यायलाय. मी म्हटलं, गाडी रिकामी जाईल. तिने तिळगूळ दुसऱ्यांदा दिला.
फेऱ्या अजून सुरू व्हायच्या आहेत.

१९ जानेवारी, रविवार.
कचेरी २, हायस्कूल ०. मास्तर लोक पहिल्या हाफातच दमले. पुन्हा मल्हारीच. मी एकदा बॉलला पाय लावला, साहेबांनी पाहिलं.
येलदरी कॅम्पनेही दोन्ही मॅचा जिंकल्या. त्यांचे गोल सहा, खाल्लेला एक. आपले चार, खाल्लेला एकही नाही. दोघांचे पॉइंट सारखे. एकही गोल न खाल्लेली टीम. हडर्सफील्डनेसुद्धा तेहतीस खाल्ले होते. मला इंग्लंडला कळवावंसं वाटतंय.
आता आपली आणि कॅम्पची मॅच उरली, म्हणजे फायनलच, २६ जानेवारीला.

२५ जानेवारी, शनिवार.
बिरू घरी आला. उद्या आश्रुबाच्या रानात मेंढरं बसवायचा शब्द देऊन बसलाय. ज्वारी आधीच आणली, निम्मी खाल्लीही. म्हणाला, दिवस मावळायच्या आत कळप तितं पायजे सायेब. मी म्हटलं, चारला सुरू, अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन हाफ, पाच-सव्वापाचला तू मोकळा. पार्वतीने त्याला चहा दिला आणि उद्या लय भाषणं हायत म्हणून सांगितलं. बायकांना उगाच काळजी.

२६ जानेवारी, रविवार. सकाळ.
झेंडावंदन झालं. छाती भरून आली. आज बदली रद्द.

त्याच दिवशी. दिवेलागणीनंतर.
सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी दोष देणार नाही. दोष भाषणांचा आहे.
चारला सगळे तयार. आधी कॅम्पचे इंजिनिअर बोलले, मग हायस्कूलचे हेडमास्तर, मग साहेब, मग आभार. शिट्टी वाजली तेव्हा पाच वाजून गेले होते.
पहिला हाफ शून्य-शून्य. बिरूने काय काय अडवलं. पद्धत म्हणजे पद्धत. मी निवांत पाणी पीत होतो, तेवढ्यात मुंजाजी मास्तर आले. म्हणाले, हे असंच राहिलं तर पंचाईत आहे, कॅम्पचा भागाकार सहा येतो, तुमचा येतच नाही. चार भागिले शून्य, शून्याने भागता येत नाही. निकाल लागणार नाही, औरंगाबादच्या वरच्या कचेरीला विचारावं लागेल. मी विचारलं, उत्तर कधी येईल? म्हणाले, आलंच तर पुढच्या पावसाळ्यात, तोवर स्पर्धा उघडीच.
पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबणं मला शक्यच नव्हतं. तोवर मी किनवटला हिवतापाने फणफणत पडलेला असणार.
उभ्या उभ्या गणित केलं. एक खायचा, एक घालायचा. एक-एक बरोबरी. आपले पाच भागिले एक, पाच. कॅम्पचे सात भागिले दोन, साडेतीन. कप आपला. स्वच्छ, औरंगाबादला न विचारता.
बिरूला जाऊन सांगितलं, एक सोड. त्याला कळेना. म्हणाला, आडवायला हुबं केलाव ना मला? मी म्हटलं, एकच सोड, मग पुन्हा अडव. म्हणाला, माझ्यानं न्हाई व्हायचं, हात आपसूक जातो. शेवटी कॅप्टनचा हुकूम म्हणून दरडावलं. दुसऱ्या हाफात बॉल आला तेव्हा त्याने हात पाठीमागे बांधले, तोंड फिरवलं आणि बॉल आत जाऊ दिला.
माझा आनंद गगनात मावेना. दोन्ही हात वर करून मी उड्या मारल्या, थोडा नाचलोही. लोकांनी गैरसमज करून घेतला. माणिकराव मला धरायला धावले.
आता फक्त एक घालायचा. मल्हारीला बॉल दिला. मल्हारी उभाच. तो पश्चिमेकडे बघत होता. मैदानाच्या कडेला आश्रुबा काठी घेऊन आला होता, दिवस कलला, मेंढरं कुठायत म्हणून. बिरूने गोलातलं घोंगडं उचललं. मी घोंगड्याचं दुसरं टोक धरलं. म्हणालो, दहा मिनिटं थांब. म्हणाला, सबूद दिलाय. म्हणालो, अरे, माझी बदली आहे. म्हणाला, ज्वारी खाल्ली हाय सायेब आमी. मग त्याने हलकेच घोंगडं सोडवून घेतलं. दोघांनी हाळी दिली, आणि सगळा कळप मैदानाच्या मधून गेला. तेवढा वेळ मॅच थांबली. कॅम्पवाल्यांनी मेंढरांना अदबीने वाट दिली.
उरलो नऊ. गोलात मी उभा राहिलो.
पाच-शून्य. पहिला मीच सोडायला लावलेला, म्हणजे खरे चारच. आपले चार भागिले पाच. भागाकार आता व्यवस्थित येतो.

२७ जानेवारी, सोमवार.
साहेबांनी बोलावलं. समोर हुकूम. आजपासून मोकळे.
साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळहळले. म्हणाले, व्यंकटराव, तुम्हाला पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं, म्हणून तर स्पर्धा संपल्यावर असा शेरा मारला. काल शून्य-शून्य राहिलं असतं तर औरंगाबादचं उत्तर येईपर्यंत स्पर्धा संपलीच नसती. मला तुम्हाला हलवता आलं नसतं, आणि तोवर किनवटवाल्यांनी दुसरा कुणीतरी धरला असता. तुम्ही गोल का सोडायला लावलात?
मी म्हटलं, हो साहेब.
बाहेर पायरीवर बसून राहिलो. काही न करता मी वाचलो असतो. मला नुसतं उभं राहायचं होतं. तेवढंही जमलं नाही. घरी जाऊन पार्वतीला काय सांगायचं ते ठरेना, म्हणून माळाला फेऱ्या मारल्या. तीन झाल्या.

२८ जानेवारी, मंगळवार. पहाट.
परभणीची मोटार सकाळची. ट्रंक मीच भरली. दोन धोतरं, कोट, वस्तरा, वर्तमानपत्र. कडी लागेना. अंगणात मेव्हण्याची बैलगाडी उभी, पार्वती त्याच्याशी बोलत होती. तिच्याकडे बघवेना, म्हणून कडीशी झटत राहिलो.
गाडीचा आवाज लांब जायला लागला. वर पाहिलं तर पार्वती दारात. मी विचारलं, तू गेली नाहीस? म्हणाली, भावाला परत धाडलं.
म्हणाली, परवा बायांमध्ये हुबी राहून मॅच बघितली मी. आपल्यावर गोल झाला, समदी कचेरी मान खाली घालून बसली, आन् आमचं मानूस एकटंच नाचायलंय. बाया मला इचारायल्या, हे कोन हाय. मी म्हनले, माझंच हाय. तवाच ठरवलं, हे जंगलात एकटं सोडायचं न्हाई.
मी सांगणार होतो की तो डाव होता. गणित होतं. तोंड उघडलं आणि रडू आलं. चांगलं मोठ्याने.
तिने रडू दिलं. मग ट्रंकेतलं वर्तमानपत्र काढून माझ्या हातात दिलं, आपली लुगडी आत घातली, आणि मला ट्रंकेवर बसायला सांगितलं. बसलो. तिने खाली वाकून कडी लावली.