चंदरचे नऊ फोटो

अंधेरी, १२ नोव्हेंबर १९८६

चंदर,

तुझी होडी बुडाली त्याला महिना झाला. तू अजून सापडला नाहीस.

नऊ वर्षं दर नारळी पौर्णिमेला वर्सोव्याला येऊन मी तुझा फोटो काढला, घरी धुऊन प्रिंट तुला आणून दिली. समुद्रात नारळ सोडणारा तू, दरवेळी पाठमोरा. मला तसाच हवा होतास. यंदा म्हणालास, "एकदा तोंडाचा काढ ना रे!" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी."

तुझी सोनूबाई नऊच्या नऊ प्रिंट घेऊन चौकीत गेली. हवालदाराने विचारलं, "बाई, चेहरा कुठाय?"

आज माफी मागायला तुझ्या घरी गेलो. तिने चहा दिला. समोर भिंतीवर यंदाची प्रिंट होती. तुझ्या पाठीलाच तिने हार घातलाय.

विद्याधर