बर्फाच्या अलीकडे

दुखान, कतार. ऑगस्ट १९८३, गुरुवार.

अरविंदनं तीच स्लाइड पुन्हा लावली. तिसऱ्यांदा. नॉर्वेचा डोंगर, बर्फ, आणि बर्फाच्या दहा पावलं अलीकडे शालीत गुंडाळलेल्या सासूबाई.

"आमच्या आईनं नाशिकहून येऊन बर्फ गाठला!" तो पाहुण्यांना सांगत होता.

गाठला कुठे? सहलीची बोट बंदराला लागली, गाइडनं सगळ्या प्रवाशांना बसनं डोंगरावर नेलं आणि जेमतेम अर्धा तास दिला. सासूबाईंना एकच हवं होतं, बर्फाला हात लावून बघायचा. पण अरविंदचं चालूच. "आई, इकडे बघ. थांब, ढग जाऊ दे. चष्मा काढ." तेवढ्यात गाइडची शिट्टी झाली. आमच्या इथल्या भाषेत, यल्ला, खलास. चला, संपलं.

आज कुलकर्णीवहिनींनी विचारलंच, "काकू, फार गार लागला का हो हाताला?"

सासूबाई म्हणाल्या, "फोटो छान आलाय."

पाहुणे गेल्यावर मी त्याला म्हटलं, "त्यांनी हात लावलाच नाही."

"पाहिला ना पण? पुढच्या सुट्टीत परत नेऊ, इन्शाल्ला."

सत्तरीच्या बाईला पुढची सुट्टी! दहा पावलं तर होती. याला खरंच आठवत नाही, की फोटो आला म्हणजे सगळं झालं असंच वाटतं?

शुक्रवार. सकाळी स्वयंपाकघरात गेले तर फ्रीज सताड उघडा. सासूबाई फ्रीजरमध्ये साठलेल्या बर्फावर तळहात टेकवून उभ्या होत्या. मागून अरविंद आला. "आई, हलू नकोस, कॅमेरा आणतो."

तो गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली.