कमलीच्या ढावल्यापर्यंतचं पथ्य

१० एप्रिल १९५५, सकाळ
आजपासून बंद. एकदम पक्कं. आमच्या तांड्याचा सेवादास भगत म्हने, उदयसिंग, तुले लिहिता येते, तं रोज सांजच्याले काय केलं ते साफ लिहीत जाय, झाकाझाकी नको. तांड्यात चौथी पास मी एकटाच. लिहीन ना!
पुढच्या महिन्यात माह्या कमलीचं लग्न. निघताना पोरगी एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हनते, रडत रडत सारं मनातलं गाते. काल मले म्हने, बापू, तुमच्या गळ्यात पडीन तवा तोंडाले वास नसावा, दुसरं मले काई नको. मले हसूच आलं. एवढंच?

१३ एप्रिल
उत्तम प्रोग्रेस. हात कापतात, पन ते उन्हानं.

१६ एप्रिल
मोहाची फुलं पडून राह्यली. सारा तांडा घमघमते. यात माहा काय कसूर? तब्येतीसाठी जरासक औषध घेतलं. हे हिशोबात धरत नाई.
माही बायको भुरीबाई म्हने, डोळे काहून लाल? म्हटलं, चुलीचा धूर. तिनं चुलीत हात घालून पाह्यला. चूल थंडी होती. लय संशयी बाई.

१९ एप्रिल
भगतानं इचारलं, काय लिहिलं? म्हटलं, तब्येत, औषध. तो म्हने, त्या औषधाले नाव आहे का नाई? तेच लिही, नाईतं कायले शाई नासवतं. सोता सोडली म्हनून भाव खाते. शिकल्या मानसानं जरा सभ्य लिहावं का नाई?

२४ एप्रिल
कमलीसाठी कापड आनाले मंगरूळपीरले गेलतो. मोटर लेट. तेवढ्यात जानराव भेटला. जुना दोस्त, नाई कसं म्हनता? प्रसंग झाला. कापड मोटरीतच राह्यलं.
कमली जुन्याच घागऱ्यावर आरसे टाकत बसली. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

१ मे, सांज
लग्न झोकात लागलं. आज काईच नाई. खरंच काई नाई! उद्या पोरगी जाते. काय बोलाचं ते मनात ठरवून ठेवलं. डोक्यावर हात ठेवीन, म्हनीन, सुखी राय माय.

२ मे, सकाळ
छाती धडधडते. हात लटलट. असे हात पोरीच्या डोक्यावर कसे ठेवू? हात ठरन्यापुरतंच घेतो. तिच्याचसाठी.

४ मे
भुरीबाईनं आज सांगतलं. कमली मायच्या गळ्यात पडली, भावाच्या, भाऊसिंगाच्या पडली, गाईच्याबी पडली. मंग मले शोधत फिरली. मी कडब्याच्या गंजीमागं पडलो होतो. ती तिथंच मातीत बसली, माह्या गळ्यात हात टाकले, पुरा ढावलो गायला. मंग बैलगाडीत बसून गेली.
मी इचारलं, काय गायलं तिनं? भुरीबाई म्हने, तुमाले गायलेलं मी कायले सांगू?
मले काईच आठवत नाई. लय आठवून पाह्यलं.
भगताले पाहिजे होतं तसं लिहितो. मी दारू पेलो होतो. माही पोरगी माह्या गळ्यात पडून रडली अन् मी घोरत होतो.