विहिरीची भरती

राजूर, ता. भोकरदन
१९ मार्च १९७३

प्रिय अहो,

सप्रेम जयभीम. इकडे सर्व ठीक. तुमच्या आईंचा खोकला गेला, बोलणं तेवढं वाढलं आहे. तुमचं पत्र पोचून आठवडा झाला. रत्नागिरीत खोली मिळाली, खिडकीतून समुद्र दिसतो, आता शाळेचा राजीनामा दे आणि निघून ये, असं लिहिलंत. त्यावर येतेच. आधी इथली गंमत ऐका.

चौथीच्या वर्गाला मी भरती-ओहोटी शिकवली. पुस्तकात दोनच ओळी आहेत, बाकी सगळं तुमच्या पत्रांतलं. बंदरावरच्या खांबाचे आकडे वाचून समुद्राची उंची मोजणारा माणूस आमच्या घरचा आहे, म्हटल्यावर पोरं कान टवकारून बसली. चंद्र पाण्याला आपल्याकडे ओढतो. सूर्यही ओढतो, पण फार लांबून. पौर्णिमा-अवसेला दोघं एका रेषेत आले की उधाण येतं. सांगता सांगता माझाच आवाज हळू झाला. खिडकीबाहेर नुसतं नांगरून पडलेलं कोरडं रान, आणि मला ते हलताना दिसायला लागलं. घंटा झाली तरी मी उभीच.

पोरांनी घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे. काल पौर्णिमा. दिवेलागणीला आपल्या वस्तीत वंदना झाली, आणि बायका घरी जायच्या सोडून पांढऱ्या लुगड्यांतच घागरी घेऊन विहिरीवर! सगळ्यांत पुढे तुमच्या आई.

"बाई, तुमचा चांद निघाला बगा," शेजारची झुंबरबाई म्हणाली. दुष्काळी कामावर खडी फोडून तिचे हात सोलून निघालेत, पण डोळे अगदी लहान पोरीचे. "आता चढंल ना पाणी?"

मला हसू आलं नाही. तळाला घोटाभर गढूळ पाणी. चंद्र अजून तिथवर उतरला नव्हता. गावात होळी पेटली होती, तिचा धूर आमच्या डोक्यावरून जात होता. सगळ्या काठावर टेकून खाली बघत राहिलो. काही होणार नाही हे मला ठाऊक, तरी मीही वाट बघत होते. खरं सांगते, त्या वेळी पाणी चढलं असतं तर मला नवल वाटलं नसतं.

शेवटी मीच सांगितलं. समुद्र अफाट असतो, चंद्रानं ओढलं की इकडचं पाणी तिकडं सरकतं. विहिरीतल्या एवढ्याशा पाण्याला सरकायला जागाच नाही. तुमच्या साहेबांकडून ऐकून तुम्ही पत्रात लिहिलेलंही सांगितलं, की जमीनसुद्धा रोज थोडी वर उचलली जाते, पण विहीर, घरं, आपण, सगळी तिच्याबरोबरच, म्हणून कुणाला कळत नाही.

"म्हंजी आत्ता आपुन वर चाललो?" झुंबरबाई पायाखाली बघायला लागली. मग सगळ्याच बघायला लागल्या. रिकाम्या घागरी घेऊन हसत घरी गेल्या.

तुमच्या आई तेवढ्या बसून राहिल्या. तुमच्या पत्रातलं राजीनाम्याचं मी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "पाणी न्हाई चढलं तर न्हाई चढलं. पण इतक्या वर्सांत आमाला हे कुणी सांगितलंच न्हाई. वसंताला लिही, तू हितंच ऱ्हाऊन शिकवनार."

त्यांच्यावर ढकलत नाही. उत्तर माझंच आहे, आठवडाभर लिहायचं धाडस होत नव्हतं. मी राजीनामा देणार नाही. तुमच्यावाचून मला बिलकुल करमत नाही. तुमच्या वाट्याची भाकरी अजून चुकून थापते, आणि आई ती सकाळी मुकाट्यानं खातात. पण परक्या गावात खिडकीशी बसून तुमची वाट बघायची, एवढंच काम मला पुरणार नाही.

मे महिन्यात आईंना घेऊन येईन. समुद्र दाखवा, पायाला लागू द्या. शाळा उघडायच्या आधी परत येईन. असा संसार चालणार असेल तर खोली ठेवा. नसेल चालणार तर तसं सरळ लिहा. मी रडेन, पण शाळेत जाईन.

तुमचीच, आणि इथलीच,
बेबीनंदा