गाडी किती देते?

सातपूर,
सोमवार, २२ जानेवारी २००७

ती. जयरामदादास,

मंगलचा नमस्कार, जेवढं वाकता येतं तेवढं वाकून (कंबर अजून धरलेलीच आहे). तुझी शुगर, सवितावहिनीचे गुडघे आणि बागेतले घड, तिन्हींची तब्येत ठीक असेल असं धरून चालते. आमच्याकडे तुझी पिकअप सोडली तर सगळे बरे आहेत, आणि हे पत्र पिकअपबद्दलच आहे.

गेल्या आठवड्यात तू तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा एकच विचारलंस, गाडी किती देते? (बहीण कशी आहे हे एकदाही विचारलं नाहीस, पण ते असो.) तिन्ही वेळा मी "थांब, दूध उतू चाललंय" म्हणून फोन ठेवला. दादा, दूध एकदाही उतू गेलं नव्हतं. फोन हॉलमध्ये आहे आणि तुझे दाजीही हॉलमध्येच असतात. त्यांच्यासमोर मला खरं बोलता येईना आणि तुझ्याशी खोटं बोलवेना, म्हणून हे पत्र. तुझा शेजारी धोंडीराम येत्या रविवारी स्वतःची नवीकोरी पिकअप घेऊन आमच्या दारात येणार आहे आणि तिलाही असंच हायब्रीड करून मागणार आहे. ती त्याने द्यावी की न द्यावी, हे सगळं त्या एका आकड्यावर आहे. दाजी सांगतात एकोणीस. आता मी काय सांगते ते नीट वाच, आणि वाचून झालं की वहिनीला सोडून कुणाला दाखवू नकोस.

पहिल्यापासून सांगते, कारण तुला अर्धंच माहीत आहे. दिवाळीत कंपनीने ह्यांचा अख्खा विभाग बंद केला आणि बावीस वर्षं नोकरी केलेल्या फिटरला व्हीआरएसचा कागद आणि एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. पहिले पंधरा दिवस हे त्या घड्याळासमोरच बसून होते. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की उठून बूट घालायचे, आणि मग आठवलं की काढायचे. मला ते बघवत नसे. तेवढ्यात पेपरात आलं की जपानमध्ये म्हणे अशा गाड्या निघाल्यात, इंजिनही असतं आणि बॅटरीवरची मोटारही असते, आणि ब्रेक मारला की बॅटरी आपली आपण भरते. ह्यांनी ते कात्रण चार दिवस खिशात ठेवलं. पाचव्या दिवशी भंगारातून माल हलवायच्या एका जुन्या बॅटरीगाडीची मोटार आणि आठ बॅटऱ्या आल्या. सहाव्या दिवशी ह्यांनी तुला फोन केला की तुझी पिकअप हंगामापर्यंत उभीच असते तर पाठवून दे, आणि तू भोळा, पाठवून दिलीस.

काम मात्र त्यांनी सुरेख केलं, हे मी सांगायला हवं. महिनाभर अंगणात पडून राहिले, तेलाने बरबटले, जेवायला हाक मारली तर गाडीखालून फक्त पाय हलायचे. मोटार मागच्या शाफ्टला पट्ट्याने जोडली आणि बॅटऱ्या हौद्यात लाकडी पेटीत बसवल्या, वर बसायला फळी. डॅशबोर्डवर एक बटण दिलं, दाबलं की इंजिन गप्प आणि गाडी मोटारीवर. पहिल्याच दिवशी गल्लीतून त्या बटणावर गेले. आवाज म्हणून नाही. पुढे दूधवाला काळू सायकलवर चालला होता, त्याला मागून काही ऐकू आलं नाही, आणि गाडी अलगद जाऊन त्याच्या कॅनला टेकली. काळू पडला नाही पण दूध पडलं. "भाऊ, निदान खोकत तरी चला," म्हणाला तो. तेव्हापासून मोटारीवर असले की हे खिडकीतून हात काढून पत्रा वाजवत जातात, आणि गल्लीतले लोक भंगारवाला आला म्हणून रद्दी घेऊन बाहेर येतात.

आता ब्रेकचं ऐक. ब्रेक मारला की बॅटरी भरते हे खरं आहे, पण त्यामुळे माणूस ब्रेक मारायची कारणं शोधायला लागतो हे त्या जपानी लोकांनी पेपरात लिहिलं नव्हतं. लाल सिग्नल दिसला की ह्यांचा चेहरा फुलतो. गतिरोधक दिसला की मला बोटाने दाखवतात. रस्ता मोकळा असला तर नाराज होतात. माझे चौदा डबे सातपूरच्या आणि अंबडच्या कारखान्यांत जातात ते तुला माहीत आहे. पूर्वी ते सायकलवरून जायचे, आता तुझ्या एक टनाच्या पिकअपमधून जातात, रोजची फेरी बत्तीस किलोमीटर, त्यावरच अ‍ॅव्हरेज काढतात. पोचेपर्यंत आमटी ताकात आणि ताक भातात. एका सुपरवायझरने निरोप पाठवला की काला चांगला होता, पण तो गोकुळाष्टमीलाच पाठवत जा. आमच्या शेजारच्या नवसाबाईंना एकदा त्र्यंबकला दर्शनाला नेलं. त्या मागे फळीवर बसल्या होत्या. उतरल्या तेव्हा पदर सावरून एवढंच म्हणाल्या, "मंगलाबाई, तुमचं मालक गाडी चालवत्यात का पीठ चाळत्यात? देव दिसला, पण दोन-दोन दिसले."

त्र्यंबकचं निघालं म्हणून सांगते. जाताना चढ आहे आणि येताना उतार, हे सगळ्या नाशिकला माहीत आहे. ह्यांनी फक्त येतानाचं अ‍ॅव्हरेज काढलं, ते चोवीस आलं. मी म्हटलं, आणि जातानाचं? तर म्हणाले, जाताना आपण देवाला जातो, त्यात हिशेब कसला बघायचा.

बरं, अ‍ॅव्हरेज सांगण्यात पुरुषमाणसं कशी असतात ते काय मला ठाऊक नाही? मुलाचा पगार आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज, विचारणाऱ्याने दोन कमी धरायचे आणि सांगणाऱ्याने दोन जास्त सांगायचे, अशी आपल्याकडची रीतच आहे. तू स्वतः साऱ्या निफाडला चौदा सांगत होतास. वहिनीने मला खरा आकडा सांगितलेला आहे, अकरा (तिच्यावर रागावू नकोस, संक्रांतीच्या वाणाला आली होती तेव्हा विषय निघाला). पण रीतीचं खोटं वेगळं आणि हे एकोणीस वेगळं. पहिल्या आठवड्यात मोजलं तेव्हा दहा आलं, दुसऱ्या आठवड्यात एकदम सत्तावीस, आणि तिसऱ्यापासून चार आठवडे सलग एकोणीस. गाडी तीच, रस्ता तोच आणि डबे चौदाच. तूच सांग, असा आकडा कुणी खरा मानेल का?

आणि समजा मानला, तरी माझं एक साधं गणित आहे. आठ बॅटऱ्या आणि मोटार मिळून साडेतीनशे किलो होतात. हौद्याची निम्मी जागा त्या पेटीने खाल्ली आहे. तुझ्या गाडीत द्राक्षांचे पन्नास क्रेट बसायचे, आता तीस बसतील, तेही नवसाबाईंना बसवलं नाही तर. म्हणजे मार्केटला जिथे तीन खेपा व्हायच्या तिथे पाच होणार. गाडीने लिटरमागे खरंच एकोणीस दिलं तरी माल पोचवायला डिझेल जवळजवळ तेवढंच लागणार, वर दोन खेपा जास्त. चौदा डब्यांसाठी ही गाडी झकास आहे, पण धोंडीरामची बाग डब्यात मावत नाही. शिवाय हे मारतात तसे ब्रेक मारत नेली तर द्राक्षांचा बेदाणा न होता थेट रस होईल.

तेव्हा माझं मत विचारशील तर सरळ आहे. धोंडीरामला सांग, गाडी देऊ नकोस. आणि आपली गाडी घेऊन जा. हंगाम तोंडावर आला आहे, तुला ती लागणारच. वहिनीला आठवण. येताना लिंबाचं लोणचं असलं तर बघ.

तुझी,
मंगल

ता. क. दादा, पाकीट चिकटवायला घेतलं आणि हात थांबला. मी वर सगळं लिहिलं ते खरं आहे, पण एकोणीसचा दोष मी ह्यांच्यावर ढकलला तो खोटा आहे. ह्यांनी एक थेंबही खोटा मोजला नाही. दर रविवारी त्याच पंपावर, त्याच जागी, टाकी गळ्यापर्यंत भरतात, गाडी हलवून आतला बुडबुडा काढतात, आणि फिटरच्या काटेकोरपणे भागाकार करतात. खोटी आहे ती मी.

पहिल्या आठवड्यात दहा आलं ना, तुझ्या जुन्या अकरापेक्षाही एक कमी, त्या दिवशी हे घरात आले नाहीत. अंगणात गाडीत जाऊन बसले, सुकाणूवर हात ठेवून. संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा मी खिडकीतून पाहिलं, त्यांनी खाली वाकून बुटाची नाडी बांधली आणि परत सोडली. दादा, मला ते पुन्हा बघायचं नव्हतं. त्याच रात्री पंपावरून पाच लिटरचा कॅन भरून आणला, पाण्याच्या पिंपामागे लपवला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दूध घ्यायला जाताना टाकीत दोन लिटर ओतलं. रोज दोन. सोमवार ते शनिवार बारा लिटर झालं आणि आकडा सत्तावीस आला, हे इतके घाबरले की पंपवाल्याचं माप तपासून आले. मग मी दीडवर आणलं. तेव्हापासून एकोणीस. हाताला वास यायचा, त्यांनी विचारलं तर म्हटलं, कंबरेला डिझेल चोळते, नवसाबाईंचा उपाय आहे. पाच आठवड्यांपूर्वी मला वाटलं होतं, चार दिवस चेहऱ्यावर जरा रंग येऊ दे, मग थांबवू. आता रंग आला आहे, शीळ घालतात, आणि त्या एकोणीसच्या जोरावर धोंडीरामची गाडी उघडायला निघाले आहेत. ती दहाच देणार, आणि सगळ्या निफाडसमोर देणार.

म्हणून खरी विनंती ही. शुक्रवारी, सव्वीस जानेवारीला, सुट्टी आहे, तेव्हा ये. घड लवकर उतरवायचे आहेत म्हण, गाडी लगेच हवी म्हण, आणि धोंडीरामला काहीतरी सांगून रविवारचं रद्द कर. अ‍ॅव्हरेज विचारू नकोस. मला स्वतःला त्यांना सांगायचा धीर नाही.

आणखी एक ता. क. संध्याकाळ झाली आहे. तुझा पिनकोड आठवेना म्हणून ह्यांची खिशातली डायरी उघडली, तुझा पत्ता त्यात असतो. पत्त्याच्या मागच्या पानावर गाडीचे आकडे होते. मी वाचायला नको होतं, पण वाचलं. दुसऱ्या आठवड्याचा सोमवार: "टाकीचं झाकण कुणीतरी उघडलेलं दिसतं. चोर असावा. लक्ष ठेवणे." मंगळवार: "पहाटे ५.१०, खिडकीतून पाहिलं. चोर नाही. मंगल. काढत नाही, टाकते." शनिवार: "रोज दोन लिटर. फार होतंय, पण सांगायचं कसं." (म्हणजे पंपवाल्याचं माप तपासायला गेले ते सोंगच.) त्यापुढे दर रविवारी दोन ओळी आहेत. एकीत "१९". त्याखाली पेन्सिलीने "मंगलचं धरून १०".

सगळ्यात शेवटी कालच्या तारखेला लिहिलं आहे, "धोंडीरामला रविवारी खरं सांगून परत पाठवणे. मग मोटार उतरवून गाडी जयरामरावांना पहिल्यासारखी करून देणे. मंगलला इतक्यात काही बोलू नये. एवढी पहाटे उठते, तिची उमेद खचेल."

दादा, मी पिंपाशी बसून रडले आणि मग एकटीच हसले. कंपनीने ह्या माणसाला घड्याळ देऊन घरी बसवलं. तेव्हा वरचं सगळं रद्द समज. शुक्रवारी येऊ नकोस, धोंडीरामला काही सांगू नकोस, त्याला रविवारी येऊ दे. तूही त्याच्याबरोबर ये, आणि त्यांना जे सांगायचं आहे ते त्यांच्या तोंडाने सांगू दे. मी स्वयंपाकघरात असेन, मला काही ऐकू आलेलं नसेल. फक्त हंगामाला तुला गाडीवर चांगला माणूस लागतोच, तर तो बाहेरून शोधू नकोस, एवढंच माझं मागणं.

आणि मला कळलं आहे हे त्यांना कळू देऊ नकोस. उद्या मंगळवार आहे. पहाटेचं दीड लिटर मी टाकणार आहे.