मुलांच्या कपाटातला खून

९ जानेवारी
मी, सिक्स्टेन बेर्गवाल, वय ५६, वाणिज्य पदवीधर, अनेक बालपुस्तकांचा आणि एका खुनाच्या कादंबरीचा लेखक, आजपासून ही रोजनिशी ठेवीत आहे. हेतू एकच: त्या बालपुस्तकांतल्या माझ्या हेर खारीपासून, टोफ्सापासून, सुटका. यापुढे केवळ प्रौढांसाठी लेखन. दुसऱ्या कादंबरीतला खून सोमवारी.

सोमवार
खून लांबणीवर. दारातला बर्फ उपसताना पाठ धरली.

२ फेब्रुवारी
संपादिका रागनहिल्डचा फोन. "पहिल्या कादंबरीला वाचक दाखव, मग दुसरी छापू. नाहीतर खार आहेच."
तडक ग्रंथालयात. 'कालव्यातले प्रेत' मुलांच्या कपाटात, खारींच्या रांगेत! ग्रंथपाल गुनवोर म्हणाली, "अरे, तुझं नाव दिसलं की हात आपोआप तिकडेच जातो." लेखी तक्रार दिली. पुस्तक प्रौढ विभागात हलले. करिअरला योग्य वळण.

२१ फेब्रुवारी
शाळेत व्याख्यान. विषय: साहित्यातील गांभीर्य. एल्विरा नावाच्या चिमुरडीने विचारले, "प्रेतवालं पुस्तक कुठे गायब केलंस? माझं अर्धंच झालंय. पोस्टमननेच मारलं ना?"
पोस्टमननेच मारले होते. विषय बदलला.
घरी येऊन साय भरलेले दोन सेम्ला बन. वजनाचा संकल्प ईस्टरनंतर.

१४ मार्च
प्रौढ विभागात कादंबरीला अद्याप एकही वाचक नाही. दर्जेदार साहित्य सावकाश मुरते.
गुनवोर म्हणाली, "पूर्वी पोरं पळवापळवी करायची. आता महिनाअखेर ते रद्दीच्या गाड्यावर जाईल. कपाट बदला म्हणून तूच लिहून दिलंस, बाबा!"
पत्नी इंगरलिस म्हणाली, "मग ठेव की परत तिथंच. खारीने तुला कधी चावलंय का?"
प्रश्न तत्त्वाचा आहे, असे मी सांगितले. तिने कॉफी ओतली.

३० मार्च
गुनवोर कॉफीला गेली असता पुस्तक कोटाखाली घेऊन मुलांच्या कपाटाकडे गेलो. तत्त्वाला बाधा नाही. जिथे ग्राहक तिथे माल, हा वाणिज्याचा पहिला धडा.
पुस्तक खाली ठेवण्याआधीच एल्विराने ते हातातून ओढले. "आणलंस एकदाचं! पण यात टोफ्सा का नाही? तिने पोस्टमनला लगेच पकडलं असतं."
पुढच्या पुस्तकात असेल, असे माझ्या तोंडून निघून गेले.
संध्याकाळी दुसऱ्या कादंबरीचे पहिले वाक्य लिहिले. पूर्णतः प्रौढांसाठी: 'निरीक्षक टोफ्साने शेपटी झटकली आणि प्रेताकडे रोखून पाहिले.'

सिक्स्टेन बेर्गवाल
मारिएस्ताद, ३० मार्च