दादासाठी कनेक्टिंग रॉड

४ फेब्रुवारी
उघडलं एकदाचं इंजिन! तिसरा कनेक्टिंग रॉड मोडून ब्लॉकला भोक पाडून बाहेर डोकावतोय. दादा शेजारी हाताची घडी घालून उभा. "रॉडच कच्चे होते. या वेळी दणकट घे. चढाची शर्यत मी सोडणार नाहीये." इंजिन मी बांधायचं आणि गाडी त्याने पळवायची, ही आमची जुनी वाटणी. म्हणजे रॉड कच्चे तर माझी निवड कच्ची. झोंबलं.

५ फेब्रुवारी
वहिनीने विचारलं, "हा रॉड करतो तरी काय?" म्हटलं, वर पिस्टन नाचतो, खाली क्रँक गरगरतो, आणि हा मधे दोघांचे धक्के खातो. म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखाच!"

७ फेब्रुवारी
दुकानात गेले. अॅल्युमिनियमचा रॉड हातात घेतला — खेळणंच! पण तो लवकर थकतो. छोट्या, सरळ शर्यतीला ठीक. उरले पोलादी. एकाचा छेद एच अक्षरासारखा, दुसऱ्याचा आयसारखा. दुकानदार म्हणाला, "ताई, डोळे मिटून एच घ्या. सगळे तोच नेतात." डोळे मिटून घ्यायचा असता तर एवढ्या लांब कशाला तंगडतोड केली असती! त्याचे 'सगळे' म्हणजे टर्बोवाले. आमच्या गाडीला टर्बो नाही, पण इंजिन भन्नाट फिरतं. मला हलका हवा. काही न घेता परत आले.

८ फेब्रुवारी
दाबाने रॉड सहसा मोडत नाही, ताणाने मोडतो! पिस्टन सुसाट वर जातो, त्याला थांबवून खाली ओढायचा सगळा हिसका रॉडला क्रँकवर जखडणाऱ्या दोन बोल्टांवर. वेग दुप्पट तर हिसका चौपट. हे माहीत होतंच, पण आज हातातला तुकडा फिरवताना नव्याने चमकलं. मग बोल्ट बघायला नकोत?

९ फेब्रुवारी
धड असलेल्या तीन रॉडचे बोल्ट काढले. त्याच खोक्यातला एक कोरा बोल्ट ठेवला होता, त्याच्याशी मापून पाहिले. सगळे लांबलेत! मधे बारीक झालेत, नखालासुद्धा कळतं.
एखादा रॉड कच्चा निघेल. सगळे बोल्ट एकदम कसे ताणले जातील? इंजिन मर्यादेच्या फार पुढे फिरलं असणार. पण मर्यादा आली की इंधन तोडायची सोय मीच केलीय. ती फक्त एकाच वेळी हात टेकते — तिसऱ्या गिअरमधून चौथा टाकताना दुसरा पडला तर. मग चाकंच इंजिनाला फरफटत नेतात.
पण ही तर नवशिक्याची चूक. आणि दादा?

१० फेब्रुवारी
विचारलं. भडकलाच. "माझा हात चुकेल? काहीतरीच!" तावातावाने पाना उचलला, तो सुटला. पुन्हा उचलला, पुन्हा सुटला. "तेल लागलंय," म्हणाला.
तेल नव्हतं. पाना मीच पुसून ठेवला होता.

११ फेब्रुवारी
वहिनीला खोदून विचारलं तेव्हा बोलली. "बोटं बधिर होतात त्यांची. शर्टाची बटणं मी लावते. तुला सांगू नको म्हणाले, नाहीतर ती इंजिन बांधणार नाही. डॉक्टर शर्यतीनंतर, म्हणे!"
त्या वळणांवर, असा हात घेऊन? जगातला कुठलाच रॉड त्याला वाचवणार नाही. आधी रडले, मग भयंकर राग आला.

१२ फेब्रुवारी
हलके म्हणून आय छेदाचे रॉड मागवले. बोल्ट दुकानातले सगळ्यात भारी. दादाला तोंडावर सांगितलं, "इंजिन बांधते. पण आधी डॉक्टर. तोवर तू गाडीत बसायचं नाहीस, चावी माझ्याकडे." तो न जेवता उठला.

१३ फेब्रुवारी
अबोला. वहिनी मधल्या मधे.

२६ फेब्रुवारी
रॉड बसले! प्रत्येक बोल्ट आवळताना किती ताणला जातोय ते मापलं. इंजिन गाडीत चढवलं. उद्या एक फेरी मारून बघते. नेहमीसारखी पाठीला उशी लावून, कारण दादाच्या सीटवरून माझे पाय पोचत नाहीत आणि बोल्ट काढून सीट पुढे सरकवलेली त्याला अजिबात खपत नाही.

२७ फेब्रुवारी
उशी लागलीच नाही. सीट पुढे घेतलेली होती, पाय थेट पॅडलवर! खाली वाकून पाहिलं तर सीटचे बोल्ट सैल — बधिर बोटांनी जेवढे आवळता आले तेवढेच.
पाना घेतला आणि पक्के केले.